पालथा वीर आणि सात हत्ती

आमच्या इतिहास मंडळाच्या नोंदवहीत दोन रकाने असतात. डावा ‘सांगीव’, उजवा ‘पाहिलेलं’. व्याख्यान संपलं की मंडळाचे चिटणीस चष्मा पुसतात, पेनाचं टोपण काढतात आणि वक्त्यानं तासभर जे काही ओतलं त्याची या दोन रकान्यांत वाटणी करतात. हे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक, सगळा तालुका त्यांना गुरुजीच म्हणतो. आजोबांकडून ऐकलं असेल तर डावीकडे. स्वतः चढून जाऊन, हात लावून, फोटो काढून आला असाल तर उजवीकडे. लांबलांबून आलेल्या भल्याभल्या वक्त्यांची दीड दीड तासांची भाषणं गुरुजींनी डाव्या रकान्यात चार ओळींत झोपवलेली मी बघितली आहेत.

तिसरा रकाना त्या वहीत नव्हता. तो माझ्यासाठी आखला गेला. पट्टी लावून, लाल शाईनं. त्याच्या डोक्यावर गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सोडून दिलेलं’.

आता मी काही मंडळाचा सभासद नव्हे. मी मांडववाला. महाडात माझं मंडप-खुर्च्या-लाउडस्पीकरचं दुकान आहे आणि मंडळाच्या व्याख्यानाला साठ खुर्च्या, एक सतरंजी आणि एक माईक माझ्याकडून जातो. व्याख्यान दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, चवदार तळ्याजवळच्या एका शाळेच्या वरच्या हॉलमध्ये. मार्चात व्याख्यान नसतं. मार्चात तळ्यावर माणसं येतात ती कुठून कुठून येतात, माझ्या सगळ्या खुर्च्या आणि सगळे कर्णे तिकडे असतात, आणि त्या दिवसांत या गावाला आपला इतिहास सांगायला वक्ता लागत नाही. उरलेले अकरा महिने मी ॲम्प्लिफायरच्या मागे स्टुलावर बसून इतिहास ऐकलेला आहे. घाटवाटा ऐकल्या, बैलांचे तांडे ऐकले, खाडीतून येणारी गलबतं ऐकली, भाताच्या विसरलेल्या जाती ऐकल्या. श्रोते पंधरा. त्यांतले चार बटाटेवड्यासाठी. एक आजोबा तर पहिल्या वाक्याला झोपतात आणि आभारप्रदर्शनाला टाळ्या वाजवत उठतात. सांगायचं म्हणजे, माझ्याइतकी व्याख्यानं या तालुक्यात कुणी जागेपणी ऐकलेली नाहीत.

लोक म्हणतात मी खोटं बोलतो. हे खोटं आहे. मी फक्त खऱ्याला जरा जेवू घालतो. उपाशी खरं चारचौघांत नेऊ नये, ते चक्कर येऊन पडतं. माझ्या आजोबांनी सावित्रीत मासा धरला होता. त्याची शेपटी पोलादपूरला पुलाखाली अडकली तेव्हा तोंड महाडच्या बाजारात विकायला सुरुवात झाली होती, एवढंच मी एकदा गुरुजींना चहा पिताना सांगितलं. गुरुजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “पुरावा?” तेव्हापासून आमचं हे असं आहे.

तर झालं काय, त्या पावसाळ्यात घाटापलीकडून एक मोठे वक्ते यायचे होते. आणि वरंधा घाट बंद झाला. तो दरवर्षी बंद होतो, त्यात काही नवं नाही. घाटाला पावसाळ्यात घरीच बसायला आवडतं. पण मंडळाने या खेपेला पत्रकं वाटली होती. हॉलमध्ये चक्क चाळीस माणसं. गुरुजींनी मला सांगितलं, कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर करा, तुमचा आवाज मोठा आहे. मी माईक हातात घेतला तो रद्द झाल्याचं सांगायलाच. शपथेवर. पण समोर चाळीस माणसं, सगळी जागी, आणि वडे अजून यायचे होते. मी म्हटलं, तोवर दोन शब्द.

ते दोन शब्द पन्नास मिनिटं चालले.

मी बोललो आमच्या पाणवठ्याबद्दल. आमचं गाव पोलादपूर आणि महाडच्या मधे, सावित्रीच्या काठाला लागून. गाव कसलं, बावीस घरांची वाडी, त्यातल्या अठरा घरांचे कर्ते पुरुष मुंबईत. नदीवर जायची पायवाट, आणि पायवाट संपते तिथे धुण्याचे धोंडे. हे धोंडे नुसते पडलेले नाहीत. प्रत्येक धोंड्याला मालकीण आहे. सातबारा नाही, पण तलाठ्यालासुद्धा त्यावर पाय ठेवायची छाती नाही. नव्या सुनेला सासू आधी देव दाखवते, मग चूल, मग नदीवर नेऊन धोंडा. सासूचा धोंडा सुनेला मिळतो. दोन सुना असल्या तर भांडण शेतावरून होत नाही, धोंड्यावरून होतं. आणि प्रत्येक धोंड्याचा आवाज वेगळा. घरात भाकऱ्या थापता थापता बायका ओळखतात, ही अमकीची चादर, ही तमकीची लुगडी, आणि हिनं आज सासूचा राग काढायला घेतलाय.

मोठा पूर आला तेव्हा हे सगळे धोंडे सावित्रीनं उचलून नेले. पुराचं दुःख मी सांगत बसत नाही, ते ज्याच्या त्याच्या घराच्या भिंतीवर अजून आहे. माझ्या खुर्च्या गेल्या. त्यातली एक म्हणे बाणकोटच्या खाडीत सरळ बसलेली दिसली, तोंड समुद्राकडे, जणू अध्यक्षच. पण पाणी ओसरल्यावर आमच्या वाडीतल्या बायका काय करत होत्या? नदीच्या काठाकाठानं खाली चालत होत्या, चुकलेलं ढोर शोधावं तशा. आणि हजारो गोट्यांतून प्रत्येकीनं आपापला धोंडा ओळखला. हात फिरवून. मीही त्या दिवशी वहिनीबरोबर होतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचा धोंडा दोन वळणं खाली करंजाच्या मुळांत अडकलेला मिळाला. पुरानं तो उलटवला होता. आणि त्याच्या खालच्या अंगाला, जे आजवर कुणी बघितलं नव्हतं, कोरीव काम होतं.

हॉलमध्ये गुरुजी ताठ बसले. कारण ज्याला वीरगळ म्हणतात, लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरलेला दगड, तो आमच्या त्या काठाला एकही सापडलेला नाही आणि गुरुजींनी उभी हयात तो शोधण्यात घालवली आहे. ओढे पालथे घातले, देवळांमागची रानं तुडवली, एकदा तर मधमाश्यांनी त्यांना पोलादपूरपर्यंत सोडायला यायचं ठरवलं होतं.

मी सांगितलं, तलवार उचललेला वीर. त्याच्या समोर शत्रू. वर अप्सरा. अगदी वरती सूर्य आणि चंद्र. हे सगळं मी या डोळ्यांनी बघितलं होतं. यातला एक शब्द वाढवलेला नव्हता आणि त्यामुळेच की काय, मला बोलताना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. मग मी म्हणालो, आणि खाली हत्ती. किती ते मला नीट आठवत नव्हतं, म्हणून मी सात म्हणालो. सात ऐकायला बरं वाटतं.

टाळ्या पडल्या. झोपणारे आजोबासुद्धा जागे होऊन वाजवत होते. गुरुजी तेवढे वाजवत नव्हते. त्यांनी फोटो विचारला. मी म्हटलं, फोन पुरात गेला होता. साक्षीदार विचारले. म्हटलं, वहिनी, आणि धोंडा ओढायला मदत केलेले मुंबईचे चौघे, ते चौथ्या दिवशी परत गेले. मग तो दगड आत्ता कुठे आहे? म्हटलं, पाणवठ्यावर. पालथा. वहिनी त्याच्यावर कपडे धुते.

त्यावर गुरुजींनी पट्टी मागितली.

लोकांना वाटेल, एका वहीतल्या एका रकान्याचं काय एवढं. पण माझा विचार करा. उभ्या आयुष्यात मी चारचौघांत पहिल्यांदा खरं बोललो, हत्ती सोडून, आणि तेच नेमकं ‘सोडून दिलेलं’ मधे गेलं. मासा नाही गेला, तो तर वहीपर्यंतसुद्धा पोचला नव्हता. त्या रात्रीपासून बाजारात मला लोक विचारायला लागले, काय, हत्ती काय म्हणतात? भाजीवाली गवारीबरोबर हत्ती देऊ का म्हणाली. माझा स्वतःचा ड्रायव्हर टेंपो मागे घेताना ओरडला, बाजूला व्हा, हत्ती येतायत. मी ठरवलं, उजव्या रकान्यात जाऊन दाखवीन, नाहीतर माईकला हात लावणार नाही.

पुढच्याच रविवारी गावी गेलो.

वहिनी नदीवरच होती. तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ, मुंबईला मुलाकडे असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. वहिनी मुंबईला जाते ती पंधरा दिवसांची पिशवी भरून आणि तिसऱ्या दिवशी परत येते. तिकडे मशिनीत कपडे गरागरा फिरताना बघून तिला ओकारी येते. या बाईनं आयुष्यात खोटं बोललेलं नाही. आमच्या घरातच सगळी तशी, खरं बोलणारी, म्हणून तर भावाचं लग्न जमवायला मुलीकडे मला पुढे घातलं होतं. तेव्हा मी जेमतेम मिसरूड फुटलेला, पण जीभ पूर्ण वाढलेली होती.

मी तिला सगळं सांगितलं. वही, रकाना, लाल शाई. म्हटलं, एकदाच तो धोंडा सुलटा कर, मंडळाला दाखवू, महाडला नेऊन ठेवू, काच लावू, वर दिवा लावू. ती लुगडं आपटत राहिली. माझ्या प्रत्येक वाक्याला एक आपट. शेवटी म्हणाली, “तो उताणा नाय होयाचा.”

का, ते तिनं मग सावकाश सांगितलं. तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला धोंडा दाखवला तेव्हाच सांगितलं होतं की खाली एक माणूस कोरलाय. आईला तिच्या सासूनं सांगितलं होतं. चार पिढ्यांच्या बायकांना हे माहीत, आणि घरातल्या एका पुरुषाला पत्ता नाही. माणूस लढून मेलेला. त्याच्या तोंडावर कुणी कपडे आपटतं का? म्हणून पालथा. आणि पाठीवर आपटलेलं त्याला चालतं, कारण लढून आलेल्या माणसाची पाठ दुखत असणार. रोज दोन घागरी पाणी, वर थापट्या, साबण. “चार पिढ्या त्याची पाठ रगडताव आमी,” वहिनी म्हणाली. “तुमच्या भावाचीबी मी येवढी रगडली नाय.”

मी गुरुजींना घेऊन गेलो. तिसऱ्या रकान्यावर विश्वास असूनही ते आले, कारण वीरगळ म्हटल्यावर ते नरकातसुद्धा टॉर्च घेऊन जातील. त्यांनी काठावर उभं राहून वारसा, जतन, पुढची पिढी वगैरे सगळं सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं, त्यांना कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, न्या. पण मला असाच दुसरा धोंडा द्या. धुवायला मी काय तुमच्या हॉलात येऊ?

गुरुजींना ही अट फारच किरकोळ वाटली. अख्खा रायगड जिल्हा दगडांचा बनलेला आहे, असं ते मला टेंपोत म्हणाले. मी नुसता हॉर्न वाजवला. मी त्या वाडीत वाढलो आहे.

आणि अशा रीतीनं आमच्या इतिहास मंडळाने इतिहास बाजूला ठेवून धुण्याचे दगड शोधायला घेतले.

पहिला दगड अध्यक्षांनी दिला. ते दातांचे डॉक्टर. घरी ओटा केला त्यातला उरलेला काळा गुळगुळीत तुकडा, आरशासारखा. तो टेंपोत घालून नदीवर नेला, मांडला, आणि कार्यकारिणी काठावर रांगेनं बसली. वहिनीनं परीक्षेला सासूची गोधडी काढली. ही गोधडी नऊ जुन्या लुगड्यांची, कोरडी असताना तीन माणसांना पुरते आणि भिजली की तिच्यापुढे म्हैस हलकी. वहिनीनं साबण ठेवला. साबण त्या दगडावरून जो घसरला तो पाण्यात, तिथून खालच्या वाडीत, तिथल्या बायकांनी वापरून संपवला म्हणतात. मग तिनं गोधडी आपटली. आवाजच नाही. वहिनी म्हणाली, मुका हाय. डॉक्टर नंतर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

दुसरा सवहून आणला, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळचा. आणणारे सभासद बँकेतले, त्यांचं म्हणणं असं की हा दगड जन्मभर गरम पाण्यात राहिलेला, याच्यावर मळ टिकणारच नाही. वहिनीनं हात फिरवला आणि चेहरा केला, तो मला लांबूनच कळला. भोकाभोकांचा. गोधडीचे धागे धरायला लागला. तरी तिनं पूर्ण धुवून दाखवली, कारण दगडालाही संधी द्यावी. थंड पाण्यानं त्याला हुडहुडी भरली आणि तो माझ्यादेखत थरथरत होता, हे कुणी वहीत घेतलं नाही.

तिसरा जास्त उतरता. चौथ्यावर पाणी साचायचं. पाचवा वहिनीला आवडला, पण शेजारीण म्हणाली, गो, हा आमच्या वरच्या आळीतला चोरलाय काय? आणि तो खरंच निघाला, एका उत्साही सभासदानं आदल्या दिवशी तिथूनच उचललेला. त्यावरून जे झालं ते झालं. दिवाळी गेली, थंडी आली. मंडळाची व्याख्यानं चालू होती, पण श्रोते फक्त एवढंच विचारायचे, धोंडा पास झाला का? वही माझ्या डोक्यावर टांगलेली होतीच. महिनाभरानं तर मला स्वप्नात लाल रकाने दिसायला लागले, त्यातून हत्ती डोकवायचे.

मग एका सकाळी गुरुजींचा फोन आला, टेंपो घेऊन या. एकटेच या.

मी गेलो. त्यांच्या घरामागे, विहिरीशेजारी, एक धोंडा होता. करडा, एका बाजूला जरा कललेला, मधे झिजून खोलगट. त्यांच्या बायकोचा. त्या गेल्याला चार वर्षं झाली होती. कपडे आता आतल्या मशिनीत. गुरुजी रोज सकाळी झाडांना पाणी घालताना तांब्याभर त्या धोंड्यावर ओतायचे, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून ठाऊक होतं. आम्ही दोघांनी पहार लावून तो उपटला. गुरुजींचे हात मातीनं भरले. टेंपोत ते पुढे बसले नाहीत, मागे धोंड्याजवळ बसले.

नदीवर त्या दिवशी कार्यकारिणी नव्हती. वहिनीनं गोधडी भिजवली, आपटली. आवाज असा आला की वरच्या घरातून दोघी बायका बाहेर आल्या. साबण बसला. पाणी निथळलं. वहिनीनं पुन्हा आपटली, मग थांबली आणि त्या खोलगट जागेवर तळवा ठेवून बराच वेळ बसली. हात इकडून तिकडे फिरवला. मग गुरुजींकडे न बघता विचारलं, “गुरुजी, ही बाई डावखुरी होती काय?”

गुरुजी म्हणाले, “होय.”

“धोंडा उजवीकडून झिजलाय. नेहमीचा हात डावीकडनं झिजवतो.” तिनं आणखी एकदा तळवा फिरवला. “उंचीनं कमी असंल. आन् चादरी लय धुवायची.”

गुरुजींनी चष्मा काढला. वसतिगृहाच्या पोरांच्या चादरी, ते म्हणाले, ती घरी आणून धुवायची. मग ते चष्मा पुसत बसले. इतका वेळ पुसला की मला वाटलं काच झिजून नंबर उतरेल.

इतकी वर्षं मी गुरुजींना लोकांकडे पुरावा मागताना बघितलं होतं. तो असा कुणी ओंजळीत आणून दिलेला पहिल्यांदाच बघत होतो.

वहिनीनं गोधडी बादलीत टाकली, उठली आणि मला म्हणाली, भावोजी, हा उचला नि गुरुजींच्या घरी जिथला तिथं लावा. गुरुजी म्हणाले, पण तो पास झाला ना? ती म्हणाली, झाला, चांगला हाय, म्हणूनच. बाईचा धोंडा असा कुणाला देयाचा नसतो. महाडला न्यायचं, काच लावायची, त्यातलं एक अक्षर त्या दिवसानंतर गुरुजींनी काढलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा तिनं मागून हाक मारली. म्हणाली, एक भाषण होईतोवर उलटवा. इथंच. मग परत पालथा. आणि भाषण मोठं नको, त्याच्या तोंडावर ऊन येतं. आणि आणखी एक, माईक भावोजींच्या हातात देयाचा नाय.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, मंडळाचं व्याख्यान सावित्रीच्या पात्रात झालं. पाणी आटून डोहापुरतं उरलेलं. मी गोट्यांवर सतरंज्या टाकल्या, खुर्च्या मांडल्या; चार पायांतला एक तरी हवेत नाही अशी एक खुर्ची नव्हती. माणसं किती आली ते मी सांगितलं तर पटणार नाही, म्हणून सांगतो: तीन हजार. बरं, दोनशे. पोलादपूरचे आले, तुडीलहून एक टेंपो भरून आला, मुंबईहून सुद्धा काही पोरं मुद्दाम आली आणि आल्या आल्या मोबाइल उभे धरून हत्ती किधर है विचारायला लागली. ही सगळी गर्दी हत्तींची होती, वीराची नव्हे, हे मला तेव्हा समजलं. पहिल्या रांगेत माझ्या खुर्च्या नव्हत्याच. तिथे वाडीतल्या बायका बसल्या होत्या, आपापल्या धोंड्यांवर.

सहा जणांनी पहारी लावल्या. धोंडा उचलला, कण्हल्यासारखा आवाज करत उलटला. खालचा भाग चिखलानं माखलेला. कुणाला हात लावू न देता वहिनी पुढे झाली, नारळाची शेंडी घेतली आणि तान्ह्या पोराचं तोंड धुवावं तसं हळूहळू धुतलं. पाणी ओतलं. आधी सूर्यचंद्र आले. मग त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या बायका. मग तो, तलवार उचललेला, समोर दोघे. अगदी खाली दोन गाई. त्यांच्यासाठीच लढला असावा.

गुरुजी गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात त्यांनी दगडावर ठेवले आणि काही वेळ तालुक्याचं सगळं कामकाज थांबलं. मग त्यांनी वही उघडली, लाल रकान्यातली माझी ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि ‘पाहिलेलं’ खाली लिहिली. मी तो क्षण वर्णन करत नाही. माझ्या अंगावर आलेल्या शहाऱ्यानं शेजारच्या खुर्च्या हलल्या, एवढंच.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर म्हणाले, “आणि हत्ती?”

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. मुंबईचे मोबाइलसुद्धा वळले. मी गाईंकडे बघितलं. गाई कितीही मोठ्या मनाच्या असल्या तरी हत्ती होत नव्हत्या. गुरुजींचं पेन अजून उघडं होतं आणि ते त्या लाल रकान्याच्या वर येऊन थांबलेलं मला स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा आत काही नव्हतं.

“होते,” वहिनी म्हणाली.

ती शेंडीतला चिखल पाण्यात हलवत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, सासूबाईंच्या वेळी सात होते. माझ्या लग्नात तीन उरले. आता गेले.

गुरुजींनी विचारलं, गेले म्हणजे कुठे? ती म्हणाली, झिजून. पूर्वी रिठा असायचा, शिकेकाई असायची, हत्ती टिकले. ही पावडर आली नि संपले बिचारे.

गुरुजी हळूच म्हणाले, “वहिनी, पण कोरीव बाजू खाली होती. धुणं वरच्या बाजूला.”

“हादरे बसतात ना, गुरुजी,” वहिनी म्हणाली. “वरून गोधडी बडवली की खालचा हत्ती किती दिवस राहील?”

मी खुर्चीत बसलो. चाळीस वर्षं या धंद्यात घालवली, पण हे मला सुचलं नसतं. पहिल्या रांगेतल्या बायका गंभीरपणे माना डोलवत होत्या. एक म्हातारी तर म्हणाली, शेवटचा सोंडेवाला लय चिवट होता. सगळे आता गुरुजींच्या पेनाकडे बघत होते. गुरुजींनी वहिनीकडे बघितलं. मग त्या खोलगट करड्या धोंड्याची आठवण त्यांच्या तोंडावरून सरकलेली मला दिसली. पेन लाल रकान्यावरून निघालं, पान ओलांडून पार डावीकडे गेलं, आणि त्यांनी लिहिलं: ‘हत्ती सात, पुढे तीन. सांगीव.’

व्याख्यान वीस मिनिटांत झालं. वीराच्या तोंडावर ऊन यायच्या आत सहा जणांनी त्याला पुन्हा पालथा घातला आणि पाठ वर केली. माणसं वडे खाऊन गेली. मी खुर्च्या गोळा करत होतो तर वहिनी धोंड्यावर बसलेली, पुढ्यात गोधडी.

मी जवळ गेलो. म्हटलं, वहिनी, तू तर कधी खोटं बोलत नाहीस.

ती म्हणाली, “मला बघायला आला होतात तवा माझ्या बापाला काय सांगितलंत, आठवतंय?”

मला आठवत होतं. घरात नळ आहे. चोवीस तास पाणी. तुमच्या पोरीला नदीचं तोंड बघायला लागणार नाही.

“तो नळ मी पयलं वरीसभर शोधला,” वहिनी म्हणाली. “गोठ्यातबी बगितला. मंग सासूबाई म्हणाल्या, चल, धोंडा दाखवते.”

मी विचारलं, मग आज मला का वाचवलंस?

तिनं गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि आम्ही दोन्हीकडून पिळायला लागलो. त्यातून इतकं पाणी निघालं, इतकं निघालं, की भर फेब्रुवारीत सावित्री चार बोटं चढली. हे मी उभा राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण गुरुजी तोवर वही मिटून टेंपोत जाऊन बसले होते.